समलिंगी बिशप आणि अँग्लिकन मंडळीतलं भांडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये सेरा मलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली. हे इंग्लंडच्या चर्चचं सर्वोच्च पद, आणि त्यातून निघालेल्या जगभरच्या चर्चचं कुटुंब म्हणजे अँग्लिकन कम्युनियन, त्याचंही मानाचं नेतेपद. दोन आठवडे होत नाहीत तोच गॅफकॉन नावाच्या, आफ्रिकेतल्या चर्चचं मोठं वजन असलेल्या परंपरावादी अँग्लिकनांच्या गटाने पत्रक काढलं: कँटरबरीभोवतीची जुनी व्यवस्था आम्हाला मान्य नाही, इथून पुढे ‘ग्लोबल अँग्लिकन कम्युनियन’ म्हणजे आम्ही. त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर, चहाचा कप हातात धरून, आमच्या मंडळीतल्या एका काकांनी मला विचारलं, “म्हणजे आता आपण कुणाच्या बाजूचे रे? इंग्लंडच्या की नायजेरियाच्या?” चहा संपेपर्यंत उत्तर पूर्ण झालं नाही. नंतर असेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहिले, काही ख्रिस्ती नसलेल्या मित्रांचेही. ते इथे एकत्र केले आहेत.

समलिंगी माणसांनी चर्चमध्ये यायचं की नाही, यावरून हे भांडण आहे का?

नाही, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. अँग्लिकन बिशपांची लँबेथ परिषद साधारण दर दहा वर्षांनी भरते. तिच्या १९९८ च्या ज्या ठरावाचा दाखला परंपरावादी मंडळी आजही देतात, तो ठराव १.१०, त्यातच म्हटलंय की बाप्तिस्मा घेतलेली, विश्वासू व्यक्ती, मग तिचा लैंगिक कल कोणताही असो, ख्रिस्ताच्या शरीराचा पूर्ण अवयव आहे. निदान कागदावर तरी दोन्ही बाजू हे मानतात.

वाद पुढच्या दोन गोष्टींचा आहे. समलिंगी जोडप्याच्या नात्याला मंडळीने आशीर्वाद द्यायचा का? आणि अशा नात्यात असलेल्या माणसाला पाळकाची दीक्षा द्यायची का, बिशप करायचं का? पहिल्या गोष्टीवर बरीच वर्षं धुसफुस चालली. दुसरीवरून घर फुटलं.

बिशपवरूनच का फुटलं? एखाद्या गावचा पाळक समलिंगी असला तर इतकी बोंब होत नाही.

कारण पाळक एका मंडळीचा असतो आणि बिशप सगळ्यांचा. नव्या बिशपाच्या डोक्यावर निदान तीन बिशप हात ठेवतात आणि तो मग पुढच्या पाळकांच्या डोक्यावर हात ठेवतो. आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या, दिवशी पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेत गुडघे टेकतात आणि बिशपसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जातात. ती साखळी थेट प्रेषितांपर्यंत जाते, अशी अँग्लिकनांची धारणा आहे.

मधल्याच एका कडीबद्दल कुणी म्हणालं, ‘हा बिशप आम्ही मानत नाही’, तर प्रश्न त्या एका माणसापुरता राहत नाही. त्याने दीक्षा दिलेले पाळक मानायचे का? त्याने दृढीकरण केलेली मुलं दुसऱ्या देशात गेली तर? कम्युनियनमध्ये ४२ स्वायत्त चर्च आहेत. वर पोप नाही, सगळ्यांना बांधणारं कायद्याचं एक पुस्तक नाही. एकमेकांचे बिशप मानणं हाच त्यांना धरून ठेवणारा मुख्य धागा. त्यामुळे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरने आपल्यासाठी समलिंगी बिशप निवडला तेव्हा नायजेरियातल्या लेगॉसला वाटलं की हा आपल्याही घरात आणून बसवला.

१९९८ ला नेमकं काय झालं?

कँटरबरीच्या केंट विद्यापीठात सातशेहून अधिक बिशप जमले होते. आफ्रिका-आशियाचे बिशप यावेळी पहिल्यांदाच मोठ्या संख्येने आणि एकजुटीने बोलले. समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी विसंगत आहेत, अशा नात्यांना आशीर्वाद देणं आणि अशा नात्यातल्यांना दीक्षा देणं आम्ही सुचवू शकत नाही, असा ठराव ५ ऑगस्टला झाला. बाजूने ५२६, विरोधात ७० आणि ४५ तटस्थ. समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची हमीही त्याच ठरावात आहे. पुढच्या वर्षांत पहिलं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ झालं, दुसरं फार थोड्यांना आठवतं.

त्याच दिवशी बाहेर, कॅमेऱ्यांसमोर, एक प्रसंग घडला. नायजेरियातल्या एनुगूचे बिशप इमॅन्युएल चुकवूमा यांनी रिचर्ड किर्कर या समलिंगी ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या डोक्यावर हात धरून, येशूच्या नावाने त्याच्यातलं समलिंगीपण काढून टाकण्याची प्रार्थना सुरू केली. किर्कर बाजूला होत म्हणाले की देव तुमचं भलं करो आणि तुम्हाला तुमच्या पूर्वग्रहातून सोडवो. दोघेही एकमेकांची सुटका मागत होते. ठरावाचे आकडे मी दर वेळी शोधून घेतो. हा प्रसंग मात्र शोधावा लागत नाही.

लँबेथचे ठराव कायद्याने बांधील नसतात, हेही इथेच सांगितलेलं बरं. ती बिशपांची एकत्रित भूमिका असते. कुठलंही स्वायत्त चर्च ती बाजूला ठेवू शकतं, आणि अमेरिकेने ठेवली.

जीन रॉबिन्सन कोण?

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च; त्याच्या न्यू हॅम्पशर धर्मप्रांताचे माजी बिशप. केंटकीतल्या गरीब, तंबाखूची शेती करणाऱ्या कुटुंबातले. आधी लग्न झालेलं, दोन मुली, मग घटस्फोट आणि त्यानंतर एका पुरुषाबरोबर उघडपणे संसार. जून २००३ मध्ये तिथल्या पाळकांनी आणि सभासदांनी मतदान करून त्यांना निवडलं. त्यांच्यासाठी हा कुणी ‘चळवळीचा उमेदवार’ नव्हता. आधीच्या बिशपांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला, घरोघरी ठाऊक असलेला माणूस होता. चर्चच्या महासभेने मिनियापोलिसला निवडीवर शिक्कामोर्तब केलं. बिशपांचं मतदान झालं तो दिवस ५ ऑगस्ट २००३, म्हणजे लँबेथच्या ठरावाला बरोबर पाच वर्षं.

अभिषेक २ नोव्हेंबरला झाला, तोही विद्यापीठाच्या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये, कारण हजारो माणसं येणार होती. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, म्हणून रॉबिन्सन यांनी झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं. विधीत एक ठरलेली जागा असते, कुणाचा आक्षेप असेल तर आत्ता सांगा. एरवी तिथे क्षणभर शांतता होते आणि पुढे जातात. त्या दिवशी आक्षेप घेणारे खरंच पुढे आले. त्यातल्या एका पाळकाने समलिंगी संभोगाचे तपशील वाचायला सुरुवात केली, तेव्हा प्रमुख बिशप फ्रँक ग्रिसवोल्ड यांनी त्याला थांबवलं आणि तपशील वगळायला सांगितलं. आक्षेप ऐकले गेले, नोंदले गेले आणि विधी पुढे चालू झाला.

२००८ च्या लँबेथ परिषदेला कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी रॉबिन्सन यांना बोलावलं नाही. तरीही, त्यांना निवडणारे अमेरिकन बिशप येणार म्हणून, दोनशेहून जास्त बिशपांनी परिषदेवर बहिष्कार घातला. म्हणजे दोन्हीकडून गेलं.

इंग्लंडमध्ये असं कुणी झालं नव्हतं का?

झालं असतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे, आणि तीच कमी सांगितली जाते.

इंग्लंडच्या बिशपांनी १९९१ मध्ये एक निवेदन काढलं होतं. त्याचं सार असं: सामान्य सभासद विवेकाला स्मरून समलिंगी जोडीदाराबरोबर एकनिष्ठ नात्यात राहत असेल तर त्याला दूर लोटायचं नाही, पाळकाला मात्र ही मुभा नाही. पाळक समलिंगी असू शकतो, त्याने ब्रह्मचर्य पाळलं पाहिजे. एकाच देवाच्या घरात दोन मापं. पण नियम म्हणून तो स्पष्ट होता.

मे २००३ मध्ये जेफ्री जॉन यांची रेडिंगचे बिशप म्हणून नेमणूक जाहीर झाली. नावाजलेले धर्मशास्त्रज्ञ. बऱ्याच वर्षांचा पुरुष जोडीदार होता, ते लपवलं नव्हतं; आणि आम्ही ब्रह्मचर्य पाळतो हेही त्यांनी उघड सांगितलं होतं. म्हणजे नियम पुरता पाळलेला माणूस. राणीची मंजुरी मिळालेली. तरी सोळा बिशपांनी जाहीर पत्र लिहून काळजी व्यक्त केली, श्रीमंत मंडळ्यांनी वर्गणी थांबवण्याची भाषा केली, परदेशातून इशारे आले. शेवटी विल्यम्स यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि ६ जुलैला जॉन यांनी माघार घेतली. स्वतः विल्यम्स विचाराने त्यांच्याच बाजूचे होते, हे त्यांचं आधीचं लिखाण वाचलेल्या कुणालाही माहीत होतं. पुढच्या वर्षी जॉन सेंट ऑल्बन्स कॅथेड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख पाळक, झाले. बिशप झाले नाहीत.

मला यात दिसतं ते असं. ज्याने नियम पाळला आणि खरं सांगितलं, त्याचं पद गेलं. त्याच इंग्लंडमध्ये त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी जण गप्प राहून वर चढले असणार. सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रँथमचे बिशप निकोलस चेंबरलेन यांनी आपण समलिंगी असल्याचं आणि जोडीदाराबरोबर ब्रह्मचर्याने राहत असल्याचं जाहीर केलं. एक वृत्तपत्र छापणार आहे हे कळल्यावर. नेमणूक करणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. पद राहिलं. जॉन आणि चेंबरलेन यांच्या बाबतीत नियमाच्या दृष्टीने फरक काहीच नव्हता. एकाबद्दल जगाला नेमणुकीआधी कळलं, दुसऱ्याबद्दल नंतर.

बायबल यावर काय म्हणतं ते सरळ सांगा ना.

नेहमी पुढे येणारे उतारे मोजके आहेत: उत्पत्ती १९ मधली सदोमची गोष्ट, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस पत्र १:२६-२७, १ करिंथ ६:९ आणि १ तीमथ्य १:१०.

परंपरावादी म्हणतात, हे उतारे सुटे पाहू नका. उत्पत्तीत देव नर आणि नारी घडवतो, येशू घटस्फोटाबद्दल विचारल्यावर तोच दाखला देतो, आणि तीमथ्याच्या पत्रात बिशप कसा असावा याची यादी आहे, त्यात तो एका स्त्रीचा पती असावा असं म्हटलंय. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच रेघ आहे आणि ती पुसायचा अधिकार कुठल्याही सिनडला, म्हणजे चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेला, नाही. हा युक्तिवाद कच्चा नाही. जे त्याला नुसता मागासपणा म्हणून उडवून लावतात त्यांनी तो नीट ऐकलेला नसतो.

दुसरी बाजू म्हणते, सदोमच्या पापाचं वर्णन यहेज्केल स्वतःच करतो: गर्व, भरलं पोट आणि गरिबाकडे पाठ. पौलाने करिंथकरांना लिहिताना जो ग्रीक शब्द वापरला तो त्याच्याआधी फारसा कुठे सापडत नाही. तो एकनिष्ठ, बरोबरीच्या नात्याबद्दल आहे की गुलाम पोरांच्या आणि वेश्येच्या बाजाराबद्दल, यावर विद्वान भांडतात. शिवाय प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५: सुंता न झालेल्यांना घ्यायचं का, या प्रश्नावर यरुशलेमेत सभा बसली आणि शास्त्रात स्पष्ट आज्ञा असतानाही, आत्मा त्यांच्यात काम करतोय हे पाहून दार उघडलं.

एक उदाहरण दोन्ही बाजू फारसं काढत नाहीत. १८८८ च्या लँबेथने ठरवलं की अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ ला, आफ्रिकेतल्या पाळकांच्या अनुभवावरून तो निर्णय फिरवला: त्याने नवी बायको करणार नाही असं वचन द्यावं, पण आहेत त्यांना घराबाहेर काढायची सक्ती नाही, कारण टाकलेल्या बाईचे हाल होतात. म्हणजे विवाहाची व्याख्या न बदलता, समोरच्या माणसाकडे पाहून मंडळीने वाट काढली होती. तिथे ते जमलं.

आफ्रिकेची मंडळी इतकी ठाम का? नुसता अमेरिकाद्वेष का?

युगांडाचंच घ्या. तिथल्या ख्रिस्ती माणसाची स्मृती १८८६ पासून सुरू होते. राजा मवांगाने नवख्रिस्ती झालेल्या राजवाड्यातल्या तरुण सेवकांना नामुगोंगोला जिवंत जाळलं, अँग्लिकन आणि कॅथलिक एकाच ठिकाणी. त्यांनी राजाच्या शरीरसुखाच्या मागणीला नकार दिला, हे तिथली पोरं रविवारच्या शाळेत शिकतात. दरवर्षी ३ जूनला तिथे लाखो माणसं जमतात. कारणं राजकीयही होती असं इतिहासकार म्हणतात. पण ज्या मंडळीच्या पायात हे रक्त आहे तिला लंडनहून पत्र आलं की आता विचार बदलला, तर तिला काय वाटेल?

नायजेरियात दुसरी गोष्ट आहे. उत्तरेत शेजार मुसलमानांचा. ‘तुमचे बिशप काय करतात पाहा’ हा टोमणा तिथे रोजच्या जगण्यात लागतो.

हे समजून घेतलं म्हणजे सगळं मान्य केलं असं नाही. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकारच्या समलिंगी संबंधांना फाशी आहे. तिथल्या आर्चबिशपांनी कायद्याचं स्वागत केलं आणि कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्यांना जाहीरपणे सुनावलं. आफ्रिकेतले असे बरेच कायदे मुळात इंग्रजांनी नेले, आपल्याकडच्या कलम ३७७ चेच भाऊबंद. साहेबाने शिकवलेला धडा साहेब आता चुकीचा म्हणतो, हे तिथल्यांना लागतं. आणि तो धडा आपला म्हणून ते छातीशी धरून बसतात.

मग फूट पडली की नाही?

टप्प्याटप्प्याने पडली. २००८ ला यरुशलेममध्ये गॅफकॉनची पहिली परिषद. २००९ ला अमेरिका-कॅनडातून बाहेर पडलेल्यांचं वेगळं चर्च. मग इमारतींवरून खटले. व्हर्जिनियातलं फॉल्स चर्च, जिथे कधीकाळी जॉर्ज वॉशिंग्टन मंडळीच्या समितीवर होते, तिथली बहुसंख्य माणसं बाहेर पडली आणि २०१३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वास्तू एपिस्कोपल धर्मप्रांताची ठरवली. मिशन कंपाउंडच्या जागांवरून कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्लोबल साउथच्या, म्हणजे मुख्यतः आफ्रिका-आशियाकडच्या चर्चच्या, दहाएक प्रमुखांनी वेल्बी यांना नेते मानणं सोडलं. जुलै २०२५ मध्ये वेल्सने चेरी व्हॅन यांना आर्चबिशप निवडलं. त्या स्त्री जोडीदाराबरोबर राहतात. नायजेरियाने वेल्सशी संबंध तोडले. मग मलाली. त्यांच्याबाबतीत स्त्री असणं आणि समलिंगी जोडप्यांसाठीच्या प्रार्थनांचं काम पुढे नेणं, दोन्ही आक्षेप एकाच पत्रकात आले.

इंग्लंडमध्ये आता समलिंगी लग्न चर्चमध्ये लागतं का?

नाही. कायद्याने २०१४ पासून देशात लागतं, पण चर्च ऑफ इंग्लंडला त्याच कायद्यात वगळलंय. फेब्रुवारी २०२३ च्या सिनडने आशीर्वादाच्या प्रार्थनांना हिरवा कंदील दिला. सामान्य सभासदांच्या गटात १०३ विरुद्ध ९२, इतकं काठावर. १७ डिसेंबर २०२३ पासून या प्रार्थना नेहमीच्या उपासनेत म्हणता येतात. पाळकाने स्वतः समलिंगी लग्न करायचं नाही, हे बंधन कायम आहे.

कॅथलिक आणि मेथडिस्ट?

थोडक्यात. इंग्लंडच्या प्रार्थना सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना साध्या, विधीविना आशीर्वादाची मुभा दिली. पण ज्यांचा कल खोलवर समलिंगी आहे त्यांना पुरोहितपदासाठी घेऊ नये, ही २००५ ची सूचना तशीच आहे. युनायटेड मेथडिस्टांनी २०१९ मध्ये बंदी कडक केली, हजारो मंडळ्या बाहेर पडल्या, आणि २०२४ मध्ये उरलेल्यांनी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी दीक्षेवरची बंदी काढली. आपल्याकडचं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे, तो निर्णय इथे लागू नाही.

आणि आपण? सीएनआय कुणाच्या बाजूला?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं. अँग्लिकनांबरोबर प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट असे सगळे एकत्र आले, त्यामुळे अर्ध्या मंडळीच्या आजोबांना कँटरबरी कुठे आहे तेही माहीत नव्हतं. तरी आपण कम्युनियनचे सभासद आहोत. भारतात समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तसंच ठेवलं, म्हणून आशीर्वादाचा प्रश्न अजून दाराशी आलेला नाही. मुंबईचे तेव्हाचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये, कलम ३७७ पुन्हा लागू झालं तेव्हा, समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला जाहीर विरोध केला होता. समलिंगी विवाहालाही विरोध ठेवूनच.

माझ्या घरात कुणी असं असेल तर पाळकसाहेबांना सांगायचं का?

हा प्रश्नही त्याच काकांचा. चहाच्या वेळचा नाही, आठवड्याभराने फोनवर विचारलेला.

आधी पाळकसाहेब व्यासपीठावरून या विषयावर कसे बोलतात ते ऐका. आणि सांगायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्या. आईबापांनी परस्पर सांगू नये. २०१८ पासून भारतात समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, तेव्हा पोलिसांची भीती घालणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. कुणी उपास-प्रार्थनेची खास बैठक लावून किंवा अमुक डॉक्टरकडे नेऊन ‘बरं करू’ म्हणालं, तर नाही म्हणा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडनेही २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध ठराव केलाय. काकांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ते उपचाराचं पुन्हा एकदा सांग, लिहून घेतो.”